डाळ, दुर्वा आणि बाभळीचे नाव

जात्यावर तूर भरडायची म्हणजे आधी तिची मनधरणी करावी लागते. तेलपाण्याचा हात फिरवायचा, उन्हात वाळवायची, मग जात्याच्या तोंडात मूठमूठ सोडायची. टरफल सुटते आणि दाण्याच्या दोन पाकळ्या अलग होऊन बाहेर पडतात. खाली उरते ती चुणी. ती गोठ्यात जाते. त्याच जात्यात ज्वारी टाकली तर कण्या पडतात, पीठ पडते, डाळ काही पडत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्याच्या काळ्या रानात ज्वारीत तुरीची ओळ ही जुनी जोडी. पण जात्यापाशी आल्या की या दोघींच्या वाटा वेगळ्या होतात.

हा फरक घरातल्या बाईला पुस्तकाशिवाय ठाऊक होता, आणि तो नुसता स्वयंपाकापुरता नव्हता. चातुर्मासाचे नेम पाळणाऱ्या घरात श्रावणात पालेभाजी सुटते, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल. नेम पाळायचा तर द्विदल म्हणजे काय हे आधी ठरलेले हवे. तूर, मूग, उडीद, हरभरा, मटकी एका बाजूला; ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ दुसऱ्या बाजूला. युरोपात हाच दाणा फोडून वनस्पतींचे दोन मोठे वर्ग पाडायला 1682 साल उजाडावे लागले. त्या वर्षी जॉन रे या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या लॅटिन ग्रंथात बी रुजताना त्यातून एक दल निघते की दोन, यावर वनस्पतींची विभागणी केली. शाळेच्या पुस्तकात आज ज्यांना एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री म्हणतात ते हे वर्ग.

अर्थात कार्तिकातले द्विदल आणि रेचे द्विदल एकच नव्हेत. रेच्या हिशेबात कापूस, मिरची, भोपळा, आंबा, बाभूळ ही सगळी दोन दलांचीच मंडळी. कार्तिकात त्यांना कोणी वर्ज्य करत नाही. नेमातला शब्द डाळीपुरता आहे. पण दाण्याच्या आत डोकावून धान्याची जात ठरवायची, ही नजर दोन्हीकडे सारखी आहे.

त्या एका-दोन दलांमागे झाडाची अख्खी बांधणी येते. ज्वारीचे धाट मोडून पाहिले तर भेंडात पांढरे धागे विखुरलेले दिसतात. अन्नपाणी वाहणाऱ्या या नळ्या कुठे रांगेत नाहीत की कड्यात नाहीत. बाभळीचे खोड कापले तर त्याच नळ्या वर्तुळात बसलेल्या असतात आणि सालीखाली वाढीचा एक जिवंत थर असतो, जो दर हंगामात लाकूड चढवत नेतो. म्हणून बाभळीच्या लाकडाचा नांगर होतो, ज्वारीच्या धाटाचा फार तर कडबा. ज्वारीच्या पानातल्या शिरा एकमेकींना समांतर धावतात, तुरीच्या पानात त्यांचे जाळे. ज्वारी उपटली तर मुळांचा झुपका हातात येतो. तुरीचे सोटमूळ खोल गेलेले, ते सहजी सुटत नाही, आणि सुटलेच तर त्यावर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या बारीक गाठी दिसतात. एकीचे मूळ वर पसरते, दुसरीचे खाली उतरते. दोघी एका रानात का नांदतात याचे अर्धे उत्तर इथेच मिळते.

शेतकऱ्याकडे या बांधणीसाठी शब्दही होते, आणि ते पाठ्यपुस्तकातल्या शब्दांपेक्षा नेमके होते. ज्वारीचे धाट, त्यावरची पेरे आणि गाठी. कणीस बाहेर पडण्याआधी पानात गुंडाळलेले असते ती पोटरी. मग निसवणे, फुलोरा, चिकाचा दाणा, हुरडा. कपाशीचे पाते, फूल, बोंड आणि शेवटी उरलेली पऱ्हाटी. प्रत्येक शब्द पिकाच्या वयावर बोट ठेवतो. ‘पीक पोटरीत आहे’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला पावसाची गरज किती आहे हेही कळते.

गावांची नावे पाहिली तरी झाडांची हजेरी लागते. सेनगाव तालुक्यातच पानकन्हेरगाव आहे, गुगुळ पिंपरी आहे. वसमतकडे गेले की पांगरा शिंदे, हिंगोलीजवळ लिंबाळा. पान, कण्हेर, गुगुळ, पिंपरी, पांगरा, लिंब असा एक लहानसा वनस्पतिकोश नकाशावर सांडलेला आहे. महसुलाच्या दप्तरात ही नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली. झाडांना मात्र लेखी नोंदीत यायला फार उशीर झाला. त्याला कारण होते.

त्या कारणाकडे वळण्याआधी जुन्या वैद्यांचा हिशेब पाहायला हवा. चरकसंहितेत झाडाझुडपांचे चार गट आहेत. ज्यांना फूल न दिसता फळ येते ती वनस्पती. फूल आणि फळ दोन्ही येते तो वानस्पत्य. फळ पिकले की जी मरते ती ओषधी. आणि पसरत जाते ती वीरुध. म्हणजे वड, पिंपळ, उंबर या मूळच्या वनस्पती, आंबा हा वानस्पत्य आणि ज्वारी चक्क ओषधी. आज ‘वनस्पती’ हा शब्द शेवाळापासून सागापर्यंत सगळ्यांना लागतो, आणि किराणा दुकानात तर तो डब्यातल्या तुपाचे नाव होऊन बसला.

उंबराला फूल नाही, हे लोकांनीही मान्य केले होते. बऱ्याच दिवसांनी दिसलेल्या माणसाला ‘उंबराचं फूल झालास’ म्हणतात ते त्यामुळे. गंमत अशी की दुसरी म्हण याच फळाबद्दल वेगळे सांगते: उंबर फोडून केंबरे कशाला काढायची? फोडायचे नाही असे ठरवले, म्हणून फुले दिसली नाहीत. कारण उंबराची फुले त्या फळाच्या आतच असतात, शेकड्यांनी, भिंतीला आतून चिकटलेली. जे फळ म्हणून खाल्ले जाते तो खरे तर बाहेरून मिटलेला फुलोरा आहे, आणि ती केंबरे म्हणजे त्या फुलांचे परागण करणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांचे कुटुंब. माशी एका उंबरातून पराग घेऊन निघते आणि दुसऱ्याच्या तोंडाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. फूल आणि त्याचा दलाल, दोघेही एकाच पेटीत. चरकाच्या गटाला रचनेचा आधार होता, फक्त पेटी उघडायची राहिली होती.

या भागातल्या झाडांची छापील नोंद पहिल्यांदा झाली ती समुद्राच्या बाजूने. 1563 मध्ये गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचे संवादरूपी पुस्तक छापले गेले. त्यात हळद आहे, धोत्राही आहे. चोरटे धोत्रा अन्नात कालवून माणसाला गुंगवतात ही माहितीही आहे. पुढे 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन रीड याने तो करवून घेतला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर त्यात रंगभट, विनायक पंडित आणि आप्पु भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी दिलेले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात देवनागरी लिपीत छापलेले आहे आणि चित्रांवर झाडांची नावे लॅटिन, मल्याळम, अरबी यांच्या बरोबरीने देवनागरीतही कोरली आहेत. देवनागरी अक्षरे छापील कागदावर आली त्या अगदी सुरुवातीच्या प्रसंगांपैकी हा एक, आणि ती आली झाडांच्या निमित्ताने.

हा ग्रंथ स्वीडनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअसच्या टेबलावर होता. लिनिअस स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही; पण 1753 साली त्याने सुमारे सहा हजार वनस्पतींना प्रत्येकी दोन शब्दांचे नाव देणारा ग्रंथ काढला तेव्हा मलबारच्या त्या पानांचा त्याला उपयोग झाला. दोन शब्दांपैकी पहिला प्रजातीचा, दुसरा त्या झाडाचा स्वतःचा. आडनाव आधी आणि नाव मागून, तलाठ्याच्या यादीत असते तसे. धोत्र्याला त्याने ‘दातुरा’च ठेवले, संस्कृत धत्तूराचे लॅटिन अंगरखा घातलेले रूप.

लिनिअसने वर्ग पाडले ते फुलातले पुंकेसर मोजून. त्याची मोजणी सेनगावच्या रानात लावून पाहावी. हळदीच्या फुलात काम करणारा पुंकेसर एकच असतो. हळद गेली पहिल्या वर्गात. तुरीच्या पिवळ्या फुलात पताका, पंख आणि नौका अशा पाकळ्यांच्या आड दहा पुंकेसर असतात, नऊ एका जुडग्यात आणि दहावा वेगळा. ती गेली दोन जुडग्यांच्या वर्गात. कपाशीच्या फुलात सगळे पुंकेसर मधल्या दांड्याभोवती एका नळीत जोडलेले, म्हणून ती एका जुडग्याच्या वर्गात. भेंडी, अंबाडी आणि जास्वंद यांचे फूल उघडून पाहिले तर तीच नळी सापडते. कपाशीच्या शेताच्या बांधावर अंबाडी लावणाऱ्याला ते नाते ठाऊक नसेलही, पण दोघींच्या फुलातला सारखेपणा डोळ्यांना दिसण्याजोगा आहे.

मोजणी सोपी होती, निकाल मात्र विचित्र लागत. नुसती संख्या जुळली म्हणून परक्या घरातली झाडे एका वर्गात बसत. मग फुलाबरोबर फळ, बी, पान, खोड सगळे पाहून ‘कुळे’ ठरवण्याची पद्धत आली. 1862 ते 1883 या काळात जॉर्ज बेंथम आणि जोसेफ हूकर यांनी केलेल्या मांडणीत 202 कुळे होती. हिंदुस्थानातल्या महाविद्यालयांत आणि वनस्पतिसंग्रहांत ती मांडणी शतकभर राहिली, मराठवाड्यात बी.एस्सी. झालेल्या किती तरी पिढ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री तीच घोकली.

मुंबई इलाख्याची एक मोठी वनस्पतिसूची 1861 मध्ये निकोल डॅल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांनी छापली. गिब्सन हा पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक आणि इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. त्यानंतर थिओडोर कुक आला. हा मूळचा अभियंता, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्राचार्य; निवृत्त झाल्यावर त्याने 1901 ते 1908 या वर्षांत इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ पुरा केला. प्रत्येक झाडापुढे ते कुठे सापडले आणि कोणी आणले याची नोंद आहे. ग्रंथकाराने तो नमुना स्वतः पाहिला असेल तर संग्राहकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह. कुकच्या नोंदींत कानिटकर आणि भिवा ही नावे अशा चिन्हांसह भेटतात. डोंगर चढून, पाने दाबून, कागदात वाळवून आणणारी ही माणसे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ती नाहीत, पण प्रत्येक उद्गारचिन्हामागे त्यांची पायपीट आहे.

आणि इथे सेनगाव नकाशातून निसटते. कुकचे क्षेत्र मुंबई इलाख्याच्या सीमेपाशी संपते. सेनगाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात. उत्तरेला पैनगंगेपलीकडचा वाशीमचा मुलूख वऱ्हाडात. वऱ्हाड निजामाचेच, पण 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलेले. म्हणजे नदीच्या एका काठावरचा पळस एका सरकारच्या कागदपत्रांत, दुसऱ्या काठावरचा दुसऱ्याच्या. बी वाऱ्याने उडून पलीकडे जाई, नोंद जात नसे. निजामाच्या मुलखासाठी 1911 मध्ये ई. ए. पार्ट्रिजचे वनवृक्षांचे पुस्तक निघाले खरे, पण त्याचा रोख जंगलातल्या झाडांवर. बांधावरचे तरोटे, कुर्डू, माका यांच्यासाठी तिथे फारशी जागा नव्हती.

शिक्षणाचीही गत तशीच. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उर्दू माध्यमातून उभे राहिले आणि त्याच्या भाषांतर खात्यात विज्ञानाचे शब्द उर्दूत पाडले जात होते. तिथे वनस्पतिशास्त्राला ‘नबातियात’ म्हणत. सेनगावकडचा एखादा मुलगा हैदराबादपर्यंत पोहोचलाच, तर घरी ज्याला आघाडा म्हणतात त्याचा अभ्यास तो उर्दूत करणार आणि नाव लॅटिनमध्ये लिहिणार. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी संपले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. झाडांची वही भरायला खरी सुरुवात त्यानंतर झाली.

ही वही म्हणजे नमुनासंग्रह. पाने, फुले, शक्यतो फळ असलेली फांदी जुन्या वर्तमानपत्रांत दाबायची, कागद रोज बदलायचा, वाळली की जाड कागदावर शिवायची किंवा चिकटवायची, कोपऱ्यात चिठ्ठी: गाव, तारीख, संग्राहक, अनुक्रमांक, फुलाचा रंग. रंग लिहिणे महत्त्वाचे, कारण वाळल्यावर पळसाचा केशरीही मातकट होतो. अशा हजारो कागदांवर काम करून विद्यापीठातले प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ 1998 मध्ये औरंगाबादहून प्रसिद्ध केला. परभणीच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते मुख्यमंत्री वसंतराव नाईक वेगळे. आडनावाच्या या घोळात विद्यार्थी नेहमी पडतात. प्रजातीचे नाव सारखे असले म्हणजे जात सारखी नसते.

पुढच्याच वर्षी, 1 मे 1999 रोजी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. सेनगावची झाडे ग्रंथात आली तेव्हा कागदावर ती अजून परभणीची होती.

1998 या सालाची आणखी एक खोच आहे. त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या गटाने डीएनएच्या आधाराने फुलझाडांची नवी मांडणी छापली. 2003, 2009 आणि 2016 मध्ये ती सुधारली गेली. शेवटच्या मांडणीत 416 कुळे आहेत. शतकभर घोकलेल्या वंशावळीत वाटण्या आणि एकत्रीकरणे झाली. रुईला स्वतःचे कुळ होते; ते मोडून ती कण्हेरीच्या कुळात आली. तसे पाहिले तर दोघींचा चीक आणि दोघींचे विष गुराख्याला आधीपासून माहीत होते. रेच्या दोन वर्गांपैकी एकबीजपत्री टिकले, पण द्विबीजपत्री एकसंध राहिले नाहीत. मराठवाड्याच्या माळावरचे सीताफळ त्यातून बाहेर पडले. त्याच्या बीत दले दोनच, पण परागकणाला खाच एक. तूर-कपाशीच्या परागकणांना ती तीन किंवा त्यातून वाढलेली. सीताफळाचे घराणे फार जुने, वेगळ्या फांदीवरचे. त्या फळावरचा एकेक डोळा म्हणजे फुलातला एकेक स्वतंत्र बीजकोश, आणि डोळे सुटे होतात तेव्हा फूल कसे होते ते फळात वाचता येते.

सगळ्यात मोठा धक्का बाभळीला बसला. ग्रीक भाषेत टोकाला किंवा काट्याला जो शब्द आहे त्यावरून तिच्या प्रजातीला ‘अकेशिया’ नाव पडले होते, आणि त्या नावाची मूळ मानकरी म्हणजे आपली बाभूळच. पुढे ही प्रजाती फुगत गेली. ऑस्ट्रेलियात तिच्या हजाराच्या आसपास जाती निघाल्या, बहुतेक बिनकाट्याच्या. अभ्यासातून कळले की हे सगळे एक घर नाही, तोडावे लागेल. आता जुने नाव कोणाकडे राहणार? 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या जातींना देण्याचे ठरले आणि जोरदार वादानंतर 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्का बसला. बाभूळ आणि हिवर झाले ‘व्हॅचेलिया’, खैर झाला ‘सेनेगालिया’. काटेरी नाव बिनकाट्यांकडे गेले. हजार झाडांची नावे बदलण्यापेक्षा थोड्यांची बदलावी हा व्यवहार त्यामागे होता. आफ्रिका आणि आशियातल्या अनेकांना तो पटला नाही, आणि त्यांचा राग रास्त वाटतो. सेनगावच्या बांधावर या सगळ्या काळात ती बाभूळच होती. शेळ्यांना तिच्या शेंगा पाडून घालणाऱ्याला व्हिएन्नाची खबर लागायचे कारण नव्हते.

म्हणून लोकांची नावे कच्ची आणि शास्त्राची पक्की, असे सरसकट म्हणता येत नाही. लोकांची नावे वापरावरून पडतात. देवापुढे वाहिली की दुर्वा, शेतात माजली की हराळी, झाड एकच. पहिल्या नावाला नमस्कार, दुसऱ्याला कुदळ. उलट 1950च्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदवले गेलेले आणि पाहता पाहता मराठवाडाभर पसरलेले गाजर गवत हे गवत नव्हेच. ते सूर्यफुलाच्या आणि माक्याच्या कुळातले. त्याचे बारीक पांढरे ‘फूल’ म्हणजे अनेक फुलांचा गुच्छ. शेतात नको असलेले ते तण, आणि तण म्हणजे बोलीभाषेत गवत, एवढ्यावर त्याचे बारसे झाले. लव्हाळ्यालाही गवतच म्हणतात, पण दोन बोटांत दांडा फिरवला की कळते: गवताचा दांडा गोल, त्यावर गाठी, लव्हाळ्याचा तिधारी आणि बिनगाठीचा.

वापरावरून केलेली सगळ्यात शिस्तशीर यादी भाद्रपदात निघते. गणपतीच्या एकवीस पत्री: मालती, माका, बेल, दुर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांत, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा. बाजारात जुडी मिळते, तीत किती पाने खरी असतात हा भाग वेगळा. पण यादी कुळांच्या नजरेने लावली तर ती छोटी प्रयोगशाळाच होते. दुर्वा आणि केवडा एकबीजपत्री. धोत्रा आणि डोरली वांग्या-मिरचीच्या घरातली. तुळस आणि मरवा यांचा दांडा चौकोनी, पाने समोरासमोर. शमी आणि हादगा यांच्या शेंगा तुरीशी नाते सांगतात. आघाडा तांदुळज्याचा भाऊबंद, विष्णुक्रांत रताळ्याची. आणि देवदार या सगळ्यांपासून दूर: त्याला फूल नाही, फळ नाही, शंकूच्या खवल्यांवर उघडे पडलेले बी. हिमालयातले हे झाड सेनगावच्या जुडीत येणार कुठून? त्याच्या जागी दुसरे काही तरी येते आणि संख्या एकवीस भरते. इतक्या वेगवेगळ्या कुळांतली पाने मुलांना वर्षातून एकदा ओळखायला लावणारी दुसरी परीक्षा खेड्यात नव्हती.

दसऱ्याला त्या परीक्षेत बरेच जण नापास होतात. आपट्याऐवजी कांचनाची पाने ओरबाडली जातात, कारण दोघांचे पान मधोमध चिरलेले, जुळे दिसणारे. आपट्याचे पान लहान, रुंदीला जास्त आणि जाडसर, कांचनाचे मोठे. दोघांच्या प्रजातीचे नाव बाऊहिनिया. योहान आणि कास्पार बाऊहिन हे सोळाव्या-सतराव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ भाऊ. एकाच देठावर जोडलेल्या त्या दोन दलांत लिनिअसला दोघे भाऊ दिसले.

हिंगोली जिल्ह्यात मात्र वनस्पतीच्या रचनेचा सगळ्यात चोख अभ्यास दसऱ्यानंतर चार-पाच महिन्यांनी होतो, हळद काढताना. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात, आणि अजूनही शहरातल्या माणसाला हळद मूळ वाटते. ती मूळ नाही, जमिनीखाली आडवे वाढणारे खोड आहे. हळकुंडावर जी गोल कडी दिसतात त्या गाठी. कड्यांवरचा वाळका पापुद्रा म्हणजे पान. आणि टोकाशी किंवा बगलेत जो फुगवटा तो डोळा. मुळाला कडी नसतात, डोळे नसतात. पिकवली जाणारी हळद तीन गुणसूत्रसंचांची, म्हणून तिला फूल आले तरी रुजणारे बी जवळजवळ येत नाही. दरवर्षीचे पीक हे जुन्याच खोडाचे तुकडे लावून वाढवलेले असते.

पाला कापून झाला, वाफे उकरले गेले की बायका ढिगाभोवती बसतात आणि हातांनी मोडत, झटकत वेगळे करत जातात. मधला जाड तो जेठा गड्डा. त्याच्या बगलेतून फुटलेला बगल गड्डा. त्यांना लागलेली बोटांसारखी ती हळकुंडे. पाठ्यपुस्तकात यालाच मुख्य अक्ष, दुय्यम शाखा, तिसऱ्या क्रमाच्या शाखा म्हणतात. हळकुंडे शिजायला कढईत जातात. निवडलेले जेठे गड्डे झाडाच्या सावलीत रचले जातात, वर हळदीचाच वाळला पाला टाकला जातो, आणि त्यांचे डोळे जूनपर्यंत तिथे थांबतात.